कामाचे समान वाटप

२ मार्च, सोमवार

वाटप आणि वाटणी यांत नेमका काय फरक? साहेबांनी सहज विचारलं आणि मला सांगता आलं नाही. म्हणे घरातली पहिली पदवीधर! ‘बघून सांगते,’ म्हटलं. ते हसले. ‘बघायचंय काय त्यात? एक तक्ता करा. कुणाला कोणतं काम, किती. रोजची कटकट मिटू दे.’

कटकट अशी – शिवणखात्यात वीस बायका. कापलेल्या कापडाचे गठ्ठे सकाळी येतात आणि काकू ते वाटतात. काकू म्हणजे सगळ्यांत जुन्या कारागीर. कागद नाही, पेन नाही. गठ्ठा उचलायचा, समोरच्या बाईकडे बघायचं, द्यायचा. हिला उश्यांचे अभ्रे का आणि तिला कॉलर का, असं विचारलं तर एकच उत्तर – ‘मला ठाऊक आहे.’ हा काय कारभार झाला?

त्या वीसजणींत माझी आईही आहे. आठव्या मशीनवर. म्हणून तर तक्ता चोख हवा. मी इथे कारकून झाले आणि आईला झुकतं माप मिळालं, असं कुणी म्हणता कामा नये.

३ मार्च

शीर्षकावरच तासभर अडले. विभागणी – कोरडं. वितरण – ते पोत्यांचं होतं. हिस्सा म्हटलं की कोर्ट डोळ्यांपुढे येतं. वाटणी म्हटलं की दोन भाऊ आणि मध्ये नवी भिंत. शेवटी लिहिलं, ‘कामाचे समान वाटप’. समान! लिहितानाच बरं वाटलं.

आईला वाचून दाखवलं. प्रत्येक प्रकारचं काम पाळीपाळीने प्रत्येकीला.

‘काळं कापडपण?’ तिने विचारलं.

‘सगळंच. सगळ्यांना.’

‘बरं,’ म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

५ मार्च

तक्ता भिंतीवर लावला. काकूंना वाचता येत नाही, तेव्हा सातव्या मशीनवरच्या बाईंनी मोठ्याने वाचला. त्यांना सगळ्या ‘रेडिओ’ म्हणतात. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘बायांनो, आता शिंकासुद्धा पाळीपाळीनं हं.’ सगळ्या हसल्या. मीही.

काकू एवढंच म्हणाल्या, ‘छान केलंस गं. माझ्या कमरेची सुटका झाली.’ रागावल्या का? कळलं नाही.

९ मार्च

काळ्या पँटींचं काम आलंय. आईचे तीन गठ्ठे परत आले, शिलाई तिरकी म्हणून. ‘सुई बोथट झाली होती,’ म्हणाली. नवी सुई दिली.

१० मार्च

आज चार.

११ मार्च

रेडिओबाईंनी जिन्यात गाठलं.

‘शहाणे, तुझ्या आईला काळ्यावरचा काळा टाका दिसत नाही. चार वर्षं झाली. पांढरं दे, पिवळं दे, मशीन पळवते. काळं दिलं की चाचपडते.’

‘मग इतके दिवस?’

‘काकू तिला काळं द्यायच्याच नाहीत. तिच्या वाट्याचं आम्ही वाटून घ्यायचो. आमच्या कॉलरी ती करायची. तिच्यासारखी कॉलर येते कुणाला?’

‘मला कुणीच कसं सांगितलं नाही?’

‘तुझं कॉलेज चालू होतं. तिनं शपथ घातली होती सगळ्यांना.’

‘वाटून घ्यायचो.’ इतके शब्द जमवले मी, हा सुचलाच नाही.

घरी आईला विचारलं. डॉक्टरांना दाखवून झालंय तिचं, एकटीने जाऊन. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, असं ते म्हणाले. ‘मग मी तक्ता वाचला तेव्हा बोलली का नाहीस?’

‘इतकी खूश होतीस. कसा मोडता घालू?’

१३ मार्च

तक्ता उतरवते, असं साहेबांना सांगायला गेले. त्यांनी खुर्ची दाखवली. ‘उतरवायचा कशाला? आता तर कळायला लागलं, कोण किती काम करतं.’ मागणी घटली आहे. दोन कारागिरांना कामावरून कमी करून त्यांचे पगार वाचवायचे आहेत. तक्त्यावरून मागे पडलेली दोन नावं सोमवारी लिहून द्यायची. मी.

मागे पडलेल्या दोघी – आई, आणि बाराव्या मशीनवरची, जी बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आलीय. काकू तिला मुद्दाम हलकं काम द्यायच्या. तेही आजच कळलं.

‘एक नाव तुमच्या आईचं आहे, मला माहीत आहे,’ साहेब म्हणाले. ‘म्हणूनच ते तुमच्या अक्षरात असलेलं बरं. झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणणार नाही.’ ते चिडून बोलत नव्हते. मला शाबासकी देत होते.

१४ मार्च

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

‘लिही मग. तू कमावतेस आता. मी बसेन घरी.’

‘बसून काय करशील?’

‘बसेन.’

तिला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

१५ मार्च, रविवार

काकूंच्या घरी जाऊन आले. ‘तुम्ही कोणती नावं दिली असती?’

‘मला कुठे लिहिता येतं? मी आपली बघायचे, कुणाला काय झेपतंय ते. रोज बघावं लागतं. आज झेपलं ते उद्या झेपेलच असं नाही.’ मग म्हणाल्या, ‘तुझं तोंड का उतरलंय? जेवलीस का?’

जेवले नव्हते. त्यांनी वाढलं. निघताना म्हणाल्या, ‘तुझा तक्ता वाईट नव्हता गं. त्यात बाया नव्हत्या एवढंच.’

१६ मार्च, सोमवार

कारकुनाचा पगार दोन कारागिरांच्या पगाराएवढा असतो. यादीत एकच नाव लिहिलं – माझं. खाली एक ओळ – गठ्ठे काकूंनी द्यावेत. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, ‘हिशेब जुळतो.’ मग सही केली.

आई सहाला येईल. तोवर स्वयंपाक करून ठेवते.