अ, ब आणि बंद पाकीट

सोम., ११ एप्रिल ९४

कृत्रिम पावसाच्या समितीवर माझं नाव. 'वैज्ञानिक प्रमुख'. संचालक त्रिपाठींनी आधी चहा मागवला, मग सांगितलं. तेव्हाच ओळखलं की काम वाईट आहे. बुंदेलखंडात दोन वर्षं पावसाने पाठ फिरवलीय, म्हणून विमानातून ढगांत मिठाची पूड सोडून पाऊस वाढवायचा. याच पावसाळ्यात. आराखडा मी करायचा, तांत्रिक टिपणावर सहीही माझी.

त्रि. म्हणाले, समितीत पावसातलं कळणारं कोणीतरी हवंच ना. म्हणजे बाकीच्या आठ जणांबद्दल त्यांनाही खात्री आहे.

सुधीर बँकेतून येऊन पाय धूत होता, त्याला सांगितलं. "पडला तर मंत्र्यांनी पाडला, नाही पडला तर तू," म्हणाला आणि टॉवेल मागितला. नवरा शहाणा आहे. त्याला हे सांगत नाही, डोक्यावर बसेल.

बुध., १३ एप्रिल

पहिली बैठक. सचिवांनी विचारलं, मीठ आयोडीनवालं लागेल का. कोणी हसलं नाही. मीही नाही. इतकी वर्षं लखनौत काढून एवढं तरी शिकले.

उद्घाटन १५ जूनला ठरलं. ठरल्यावर मला विचारलं की तेव्हा तिकडे ढग असतात का. म्हटलं, जूनअखेर येतात, आले तर. "तो कुछ तो होंगे," इति सचिव. 'कुछ' ढगांवर विमान उडवणार.

पुढे आणखी मजा. विमान लखनौला लागून असलेल्या बख्शी का तालाबच्या धावपट्टीवर ठेवावं अशी सूचना आली. पाहुण्यांना शहरातून जवळ पडतं, फीत कापून जेवायला घरी. ढग दोनशे किलोमीटर दक्षिणेला. धावपट्टी हवाई दलाची, त्यांना विचारायचं कोणाच्या डोक्यात नाही. त्रि. सगळं मन लावून इतिवृत्तात लिहीत होते. त्यांचं अक्षर मात्र सुंदर.

बुध., २० एप्रिल

आराखडा झाला. साधाच आहे. शेजारशेजारचे दोन पट्टे, अ आणि ब. ज्या सकाळी ढग चांगले, त्या सकाळी एक बंद पाकीट फोडायचं. आत 'अ' निघाला तर अ वर फवारणी, ब ला त्या दिवशी काही नाही. 'ब' निघाला तर उलट. पाकिटं हंगामाआधीच भरून लाखेने बंद, म्हणजे कोणाला आपला लाडका भाग निवडता येणार नाही. शेवटी दोन्हीकडचा पाऊस ताडून बघायचा. नाहीतर पाऊस आपण पाडला की तो पडणारच होता, हे कळायचं कसं?

पुण्याला असताना ऐन उमेदीतले पावसाळे यातच घातले. विमानात मिठाच्या पोत्यांवर बसून. शेवटी उत्तर आलं, 'नक्की सांगता येत नाही'. पण ते 'सांगता येत नाही' आम्ही कष्टाने मिळवलं होतं. इथे लोकांना ते फुकटात नको आणि कष्टानेही नको.

मनूने टाइप करून दिलं. वाचून म्हणाली, "आई, ये तो लॉटरी है." मराठीत प्रश्न, हिंदीत उत्तर, हा तिचा कायमचा करार. तरी समितीपेक्षा लवकर समजलं तिला.

शुक्र., २९ एप्रिल

दुसरी बैठक. दोन्हीकडच्या आमदारांची माणसं हजर. अ वाल्याचं म्हणणं, फवारणी आमच्यावर करा आणि पाकिटं त्यांच्याकडे फोडा. ब वाल्याचं नेमकं तेच, उलट बाजूने. ढग अरबी समुद्रात आहेत की नाहीत पत्ता नाही, आणि हे हमरीतुमरीवर. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

सचिवांनी मग हात वर केला. समोर काळेभोर ढग असताना पाकीट 'नाही' म्हणालं तर आम्ही हातावर हात ठेवून बघायचं? "जनता नहीं मानेगी, मैडम." सगळ्यांच्या माना हलल्या. जनता म्हटलं की यांच्या माना आपोआप हलतात.

मी विचारलं, जनतेला कोणी विचारलंय का. समोसे आले. मग ठरलं की मॅडमनीच जाऊन विचारावं. ब्याद टळली असं सगळ्यांच्या तोंडावर. उन्हाळ्यात बुंदेलखंड, शिक्षाच ती.

सोम., ९ मे

जीपने ब च्या तहसील कचेरीत. पर्जन्यमापक कुठंय म्हटलं, तर बाबूने किल्ली आणली. कपाट उघडलं. वरच्या खणात, फायलींच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं भांडं. बाहेर ठेवलं तर चोरीला जातं म्हणे. मग नोंदी कशा करता? "अंदाज से, मैडम. पुराना आदमी हूँ." वही दाखवली. अक्षर टापटीप, गेल्या कित्येक पावसाळ्यांचे आकडे, झाडून सगळे शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे. पाऊससुद्धा बाबूची सोय बघून पडतो.

हसू आवरेना. जीपमध्ये बसून पोटभर हसून घेतलं, मग चिडचिड झाली. याच वहीवर उद्या कोणीतरी आलेख काढणार.

मंगळ., १० मे

अ मधलं गाव. पर्जन्यमापक एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या अंगणात, रामसनेही मास्टरजी. भांडं उघड्यावर, वर झाड नाही, छप्पर नाही, भोवती बकऱ्यांसाठी काट्यांचं कुंपण. रोज सकाळी साडेआठला मोजतात. वहीत कोरड्या दिवसांचेही शून्य, तारखेसह, पानंच्या पानं. ते का लिहिता विचारलं. म्हणाले, न लिहिलेलं शून्य आणि विसरलेला दिवस दिसायला सारखेच, मग कळणार कसं. अशी वही पुण्यानंतर पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ उलटत बसले.

पाकिटाची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, "बहनजी, जिस दिन हमारा नाम न निकले, बादल सिर पर हों और जहाज बगल में चला जाए, तो वह बात लोगों को कौन बताएगा? आप कि मैं?"

सचिवांचाच प्रश्न. पण सचिव विचारतात तेव्हा मला उत्तर येतं. इथे मात्र 'ते वर ठरेल' असं काहीतरी पुटपुटले, त्रि. बोलतात अगदी तसं. स्वतःचीच शिसारी आली.

मास्टरजींनी संध्याकाळी माणसं जमवली आणि दहा मिनिटांत सगळं समजावलं. मी तयारी केली होती आरडाओरड्याची. एक म्हातारी म्हणाली, यात नवीन काय? उन्हाळ्यात खालच्या विहिरीचं पाणी कोणत्या आळीने कधी भरायचं ते इथे चिठ्ठ्या टाकूनच ठरतं. मडक्यात चिठ्ठ्या, काढायला दुसऱ्या गावचा माणूस. ज्याची निघाली त्याची निघाली, वर भांडण नाही. त्यांचा एकच प्रश्न होता. पाकिटात चिठ्ठी घालणार कोण, आणि त्याचा नातेवाईक इकडे कोणी नाही ना? लखनौच्या दोन बैठकांत हे कोणालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. आराखड्यात लाख आहे, पाकीट आहे, पण ते भरणारा माणूस नाही.

निघताना मास्टरजींनी अट घातली. "बाद में सच बताइएगा. हुआ तो हुआ, नहीं तो नहीं." हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मी यांचं अज्ञान गोळा करून न्यायला आले होते, हे इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

मंगळ., १७ मे

चिनहटच्या गिरणीतून मिठाची पूड आली. त्रि.नी 'प्रगती दिसावी' म्हणून पावसाळ्याच्या महिनाभर आधी दळून घेतली. पूड सुटी राहायला संगजिरं मिसळायला सांगितलं होतं, तेही मिसळलं नाही, कारण मंजुरीच्या कागदावर फक्त 'मीठ' होतं. कूलरच्या दमट खोलीत पोती रचून ठेवली. आज एक फोडलं. आत ढेकूळ. शिपाई पाटा-वरवंटा आणू का विचारत होता, समितीतली ही पहिली उपयोगी सूचना. आराखड्यात 'पाकिटं भरणारा, बाहेरच्या राज्यातला' एवढी ओळ घातली. म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं.

मंगळ., २४ मे

तिसरी बैठक. उभी राहून सांगितलं, गाव तयार आहे, चिठ्ठ्यांची त्यांना सवय आहे. चेहरे बघण्यासारखे होते. जनता मानली याचं इतकं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं.

सचिव म्हणाले, फारच छान, पण आमदार मानणार नाहीत. म्हणजे जनता ही नुसती ढाल होती. पाच मिनिटांत निर्णय. पाकिटं रद्द. दोन्ही पट्ट्यांवर रोज फवारणी. मग तुलना कशाशी? तर ब च्या जुन्या नोंदींशी. कपाटातल्या त्या वहीशी! मी कपाटाचं सांगितलं. त्रि. म्हणाले, "मैडम, रिकॉर्ड तो रिकॉर्ड है." अंदाजापेक्षा जास्त पडला की यश, कमी पडला की ढग वाईट.

मी म्हटलं, यावर सही करणार नाही.

सचिव चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. अगदी हळू म्हणाले, "जैसा आप ठीक समझें. फिर त्रिपाठीजी कर देंगे. वैसे सुना है, आप इतने बरस से दोबारा उड़ना चाहती थीं." त्रि. खाली बघत होते. त्यांनीच सांगितलं असणार, डब्याच्या वेळी कधीतरी मी बोलले होते.

खरं आहे म्हणून लागलं.

गुरु., २ जून

नऊ दिवस वहीला हात नाही. टिपणाची फाइल घरी, टेबलावर. सहीची जागा खाली उजवीकडे, माझं नाव आधीच छापलेलं.

यांना नावं ठेवताना हात दुखत नाहीत माझे. पण या नऊ दिवसांत मी मनातल्या मनात काय काय केलं? विमानातल्या सामानाची यादी. कोणत्या उंचीवर शिरायचं. ढगात शिरल्यावर पोटात येतो तो गोळा, तोसुद्धा आठवून झाला. मूर्ख मंडळींना निदान फोटो हवाय, मला तर सगळंच हवंय, वर शहाणपणही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ही दुसरी संधी, तिसरी काही येत नाही.

सुधीरला म्हटलं, सही केली तर निदान आत कोणीतरी जाणतं असेल, नोंदी तरी नीट होतील. तो भाजी निवडत होता. "कशाशी ताडायला?" एवढंच. मी उठून आत गेले. बँकवाल्यांना कळू नये ते कळतं.

शनि., ४ जून

मास्टरजींचं पोस्टकार्ड. बारीक, सरळ अक्षर. सायकलवरून ब मधल्या चार गावांना जाऊन आले, तिथेही सगळ्यांना समजावलं, तेही तयार. 'दोनों ओर के लोग राजी हैं. पर्ची कब से निकलेगी, लिखिएगा.' त्या उन्हात, त्या वयात. आमच्या समितीचं तीन बैठकांचं काम त्यांनी सायकलवर उरकलं, आणि आम्ही ते आधीच मोडून बसलोय.

दुपारी जेवले नाही. मनूने दोनदा विचारलं, "क्या हुआ?" तिला कार्ड वाचायला दिलं. वाचून तिने ताट झाकून ठेवलं.

रवि., ५ जून

सकाळी त्रि.चा फोन. उद्या साडेनऊला शिपाई फाइल न्यायला येईल. सही असली तर उत्तम, नसली तर ते स्वतःची करतील, 'बुरा मत मानिएगा'. उद्घाटनाचा मंडप कोणत्या रंगाचा, तेही विचारलं. म्हटलं, ढगाच्या.

मास्टरजींना उत्तर लिहायला बसले. पहिल्या कार्डावर 'ऊपर से आदेश' असं लिहिलं गेलं. फाडलं. दुसऱ्यावर 'इस वर्ष के लिए'. तेही फाडलं, पुढच्या वर्षाचं कोणी काही बोललेलं नाही. तिसरं:

'मास्टरजी, पर्ची नहीं निकलेगी. जहाज रोज दोनों ओर जाएगा. पानी बरसा तो भी मैं नहीं बता सकूँगी कि किससे बरसा. मैंने आपको वचन दिया था, इसलिए लिख रही हूँ. आप नाप लिखते रहिए.'

खाली सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, कचेरीत करते तशी. कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतः टाकून आले, मनूकडे दिलं नाही.

आता परत टेबलाशी. फाइलीवरची जागा मोकळीच आहे. सुधीर विचारतोय चहा ठेवू का. ठेव म्हटलं.