सायलीकडे कोणतं आहे?

९ नोव्हेंबर २००८

जूननंतर आज वही उघडली. एवढा खंड पडला, वहीची माफी मागतो. दुसरं कोणी वाट पाहत नव्हतंच. लेकीच्या कॉलेजसाठी मीना आणि सायली पुण्याला मेव्हण्याकडे राहायला गेल्यापासून लिहिण्यासारखं घडत नाही. आमच्या गोरेगावहून जीपनं हिंगोलीचं कॉलेज, खिचडी, अकरावीचे इतिहासाचे पेपर.

दिवाळीला सायली आली होती. जाताना म्हणाली, "बाबा, फोनवर आपण जेवलीस का, जेवले, एवढंच बोलतो. मामाकडं आहे तसं गेमचं मशीन तुमी पण घ्या. नेटवरून रोज अर्धा तास क्रिकेट. मी मारते, तुमी पळा."

ब्रॉडबँड घेतलं. मशीन राहिलंय.

१५ नोव्हें.

नांदेड. दुकानात दोन मशीन, एक काळं, एक पांढरं. पांढऱ्याला हात लावला तर दुकानदार म्हणाला, "सर, ये कालेवाले के साथ नहीं खेलता. बच्ची के पास कौनसा है?"

आठवेना. दिवाळीनंतर तिनं फोनवर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "लिहून घ्या." मी म्हणालो, "लिहिलं." हातात लाल पेन होतं. चौतीस नंबरच्या पोराला तिसऱ्या प्रश्नात अर्धा गुण वाढवून दिला, ते मात्र स्वच्छ आठवतं.

अंदाजाने घ्यावं का? चुकलं तर दोघं दोन मैदानांत. रिकाम्या हाताने परत.

१६ नोव्हें.

पेपरांचे समास पाहिले, कॅलेंडर पाहिलं. कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे चक्क खोटं बोललो. वर्गात कॉपी करणाऱ्याला उभं करतो मी.

मीनाला फोन केला. रंग विचारला.

"वहिनीनं क्रोशाचं कव्हर घातलंय त्याला. फुलाफुलांचं. टीव्हीला हाय तसंच."

"जरा उचलून बघतेस का?"

"न्हाई बघत. तिनं सांगितलं की तुमाला. लेकराला विचारायला काहून लाजून राहिले?"

बरोबर आहे तिचं. तरी राग आला. मग रागाचीच लाज वाटली.

१७ नोव्हें.

लोडशेडिंग. कॉलेज. अंग जड. सायलीला फोन केला नाही. कारण लोडशेडिंग, असं लिहिणार होतो. फोनला वीज लागत नाही.

१९ नोव्हें.

आज केला. आधी इकडचं तिकडचं. मग तीच म्हणाली, "घेतलं का?"

"सायली, कोणतं ते परत सांग. माझ्या लक्षात…"

"लिहिलं होतं ना?"

"नव्हतं लिहिलं."

हसली, पण नेहमीसारखी नाही. "मला माहीत होतं. पानांचा आवाज येतो बाबा. दोन्ही वेळेस येऊन राहिला होता. आता पण येतोय."

खरंच, मांडीवर गठ्ठा होता. एक पान उलटलेलं. कधी उलटलं, कळलं नाही.

"मशीनचं सांगते. पण आधी तुमी सांगा, त्या दिवशी मशीननंतर मी काय बोलले?"

आठवायचा प्रयत्न केला. पुन्हा चौतीस नंबरच आठवला. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. नेली नाही, एवढंच.

"राहू द्या," म्हणाली. "उद्या मी करते फोन. सात वाजता."

मशीन कोणतं, ते राहिलंच. ते आता कधीही कळेल. मशीननंतर काय बोलली असेल पोरगी? कॉलेजचं? तब्येतीचं? मामाकडे करमत नसेल?

उद्या: सातच्या आत पेपर कपाटात घालून कुलूप लावणे.