मिटलेली गॅप

६ ऑक्टोबर
वही घेऊन महिना झाला. आज लिहू, उद्या लिहू करत टाळलं. आता लिहितोच. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला आलोय. तळ्याकाठचं हे मासेमारीचं विश्रामगृह थंडीत बंद असतं, ते बर्फ वितळेपर्यंत राखायचं. आजवरच्या नोकऱ्यांत ही झकास! लाकडं भरपूर, हरणाचं मांस भरपूर, डोक्यावर कोणी नाही. फोनही नाही. सोबतीला एक म्हातारा पिकअप. गाव लांब, आणि मोठा बर्फ पडला की रस्ता बंद.

९ ऑक्टोबर
पिकअप खोकतोय. गावातून महागडे स्पार्क प्लग आणले, तर तळ्यापलीकडचा इंगवाल्ड म्हातारा म्हणाला, अरे शहाण्या, म्हाताऱ्या घोड्याला चांदीचे नाल कशाला? साधे, तांब्याच्या गाभ्याचे आण. ते बदलून आणले. डबीवर काही लिहिलेलं असो, प्रत्येकाची गॅप, म्हणजे ठिणगी उडायची फट, आपण मोजायची म्हणे. तीत फीलर गेजची पातळ पाती जरा अडखळत सरकली पाहिजे. वाकवायचा तो वरचा लोखंडी आकडा. मधल्या टोकाला टेकू दिला की त्याभोवतीची चिनीमाती तडकते. एक तडकवलाच मी, बदकांचा थवा बघण्याच्या नादात. शिव्या खाल्ल्या. पण इंजिन काय गोड चालायला लागलंय!

१७ ऑक्टोबर
सकाळी गाडी सुरूच होईना. प्लग काढले तर सगळ्यांची गॅप मिटलेली. आकडे मधल्या टोकावर दाबून बसलेले. पुन्हा मोजून लावले. माझंच काहीतरी चुकलं असणार.

१९ ऑक्टोबर
पुन्हा तेच. आकड्यांवर बारीक खाचा, अर्धगोलात. पक्कडीच्या असतील, असं इंगवाल्डला म्हणालो. पक्कडीला सुळे असतात का रे, एवढंच विचारलं त्यानं. लेकीकडे निघालाय, थंडीभर तिकडेच. चल, बस माझ्या गाडीत, म्हणाला. मी हसलो. प्लग नीट करून उद्या माझ्या गाडीनं जाईन म्हणालो.

२० ऑक्टोबर
आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत प्लग काढून घरात आणतात, चुलीपाशी ऊब देतात. तेच केलं. दाराला आतून कडी लावली होती. सकाळी कडी तशीच. प्लग मिटलेले. आणि ओले.

२३ ऑक्टोबर
बर्फ पडतोय. जादा आणलेली नवी डबी फोडली. सील शाबूत होतं. आतले सगळे मिटलेले, चावलेले.

पायी निघालो. पाय बधिर झाले. परत आलो.

२६ ऑक्टोबर
वाकवून वाकवून आकडे तुटायला लागले. शेवटचे धड उरलेले मुठीत धरून झोपलो. मिटलेले. तळहातावर तसाच अर्धगोल —

लहान आहे. लहान मुलाच्या तोंडाएवढा.

२८ ऑक्टोबर
पिकअपला आता एकही प्लग नाही. म्हणजे संपलं — ते जे काही आहे ते जाईल असं वाटलं होतं. माळ्यावर चावण्याचा आवाज — लोखंडाचा —

२९ ऑक्टोबर
गाडीचा आवाज! बर्फात रुतत रुतत कोणीतरी —

डार्ला. माझी मोठी बहीण. आमचं कित्येक वर्षं बोलणं नाही. तूच तर फोन केलास, म्हणते. रडत होतास, म्हणते. इथे फोनच नाही. मी —

तिनं गाडी बंद केलीय. बंद केलीय. बूट काढायला बसली. काढू नको म्हणालो, आत्ताच्या आत्ता जाऊन किल्ली फिरव. येडा तो येडाच राहिलास, म्हणत हसत गेली.

खिडकीतून दिसतेय. किल्ली फिरवतेय. परत फिरवतेय —

बॉनेट आतून उचललं जातंय —

डार्ला, उतर, उत —