काकांच्या पुस्तकाचं चाळिसावं पान

झाशी, गुरुवार, दिवेलागण

आज काकांशी खोटं बोलता आलं नाही. बरं झालं की वाईट, अजून कळत नाही.

शेजारचे काका रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि प्रेम नगरातल्या आम्हा मराठी लोकांच्या घरांत वाटलं. मी दोनदा वाचायला घेतलं, दोन्ही वेळा चाळिसाव्या पानावर मिटलं. तिथे नुसते डब्यांचे नंबर आणि गाड्यांच्या वेळा.

मी भाजी घेऊन येत होते, तेव्हा त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "सुनंदा बेटा, झालं का वाचून?"

"नाही काका. चाळिसाव्या पानावर कंटाळले."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी पुस्तक आणलं, चष्मा लावला, ते पान बराच वेळ पाहिलं.

"ह्या पानावरच्या आठवड्यातच तुझी काकू गेली. मी भोपाळला ड्यूटीवर होतो. ते लिहवेना, म्हणून नंबर लिहीत गेलो."

मी पिशवी ठेवून पायरीवर बसले. त्यातलं नेमकं काय लिहवेना, ते विचारावं की नाही? त्यांनीच सांगितलं.

"घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजाऱ्यांनी पिठलंभात आणला होता. मला फार भूक लागली होती गं. मी दोनदा वाढून घेतलं."

"बरं केलंत, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि किती वर्षांनी कोण जाणे, रडले.