धबधब्यावरचा फोटो

१७ ऑगस्ट, रविवार

पावणेबाराला सगळं बदललं. वेळ बराबर सांगता येते, मोबाईलमधल्या फोटोवरच आहे – ११:४४. आकांक्षा धबधब्याकडं तोंड करून उभी होती. मी मागून म्हणालो, "माझी चप्पल वाहून चालली." ती वळली आणि हसली. तेवढ्यात फोटो निघाला. शेजारी राहून सहा वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. कॅमेऱ्याकडं नाही. माझ्याकडं.

आता पहिल्यापासून लिहितो. काल बेबीनंदा काकू, म्हणजे तिची आई, गच्चीवरून म्हणाल्या, "प्रितम, उद्या रिकामाच असशील ना? झरीच्या धबधब्याला जाऊ. आकांक्षाचे दोन-चार फोटो काढ. तुझ्या मोबाईलमध्ये चांगले येतात." 'रिकामाच' मधला 'च' लागला.  तरी ज्याच्या सेंटरवर मी बसतो, त्या धर्मराज दादाची व्हॅन मागून आणली. धुतली. दोनदा.

वन खात्याच्या पाटीपाशी गाडी लावायची आणि वीस मिनिटं चालायचं. पायवाट इतकी सपाट, की म्हाताऱ्या बाया डबे घेऊन येतात. दोन्ही बाजूंनी सीताफळं आणि पळस, मधी थोडी चिकचिक. मी रात्रीपासून मनात ठरवलं होतं – एखादी चढण येईल, ती थांबेल, मी हात देईन. चढण आलीच नाही. एवढा सोपा रस्ता कुणी केला काय माहीत. शेवटी ओढ्यात तीन दगड आले. आकांक्षा तिन्हीवरून टणाटण उड्या मारून पार. काकू अडकल्या. त्यांचा एक हात तिनं धरला आणि दुसरा मी. त्यांच्या चपलाही माझ्याकडंच.

धबधबा मोठा नाही. दोन मजली घराएवढा असंल. पण पाणी भरपूर. तिथं चार पोरं व्हिडिओ काढत होती. त्यातल्या एकानं मोबाईल हळूच आकांक्षाकडं फिरवला. मी गेलो, मोबाईल हिसकावला आणि पाण्यावर धरला. "पुसतो का सोडू?" त्यानं पुसला.  ती म्हणाली, "तुला न्हाई जमत का रे तोंडानं बोलायला?" पण रागावलेली नव्हती. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "पाठीला भाऊ असावा तर असा."

भाऊ! परतीला व्हॅन चालवताना तेवढंच ऐकू येत होतं.

१८ ऑगस्ट

तो फोटो आज एकवीस वेळा बघितला. मग मोजणं सोडलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काकूंचा मेसेज – "सगळे फोटो पाठव. यातला तुला कोणता चांगला वाटतो?" त्रेचाळीस फोटो. साडी नीट, पदर नीट, तोंड मिटलेलं, उंची कळेल असे पायापर्यंत – काकूंनी तसेच उभे करून काढायला लावले होते. मी ११:४४ चा पाठवला. खाली लिहिलं, "हाच. याच्यासारखा दुसरा नाही."

का विचारलं असेल? भिंतीवर लावणार असतील. त्यांच्या बैठकीत माझ्या हातचा फोटो. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई म्हणाली, "आज काय झालं तुला?"

२१ ऑगस्ट, गुरुवार

झालं ते लिहितो. हात धड नाही.

दादाच्या सेंटरवर बसलो होतो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पिकविमा, लग्नाचे बायोडाटे – सगळं तिथं होतं. दादा म्हणाला, "हे एक अर्जंट करून टाक, पितरपाटा लागायच्या आत फिरवायचंय त्यांना, पितृपक्षात कुणी स्थळ बघत न्हाई." कागद बघितला. काकूंचं अक्षर. वर गणपती, खाली 'मुलीचा परिचय'. नाव – कु. आकांक्षा भागवत. आणि दादाच्या मोबाईलवर फोटो आलेला. ११:४४.

मग कळलं धबधबा कशाला. काकूंची मैत्रीण दैवशाला हिच्या पोरीचा फोटो असाच पाण्यापाशी काढला होता म्हणे, आणि आठ दिवसांत जमलं. स्टुडिओतल्या पडद्यापुढचे फोटो आता कुणी खरे धरत नाहीत म्हणे. हे सगळं दादानं टपरीवरचा चहा पिता पिता सांगितलं. माझ्याकडं न बघता.

टाइप केलं. दुसरं काय करणार? जन्मवेळ, कुलदैवत, मामाचं गाव. उंचीच्या जागी पाच फूट चार ऐवजी पाच फूट टाकलं. म्हटलं, येणारच नाहीत. पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग चार इंच परत टाकले. ती तेवढी आहे. मी कोण कमी करणारा?

शेवटी 'अपेक्षा'. मुलगा पदवीधर. कायम नोकरी. पुणे असल्यास उत्तम. निर्व्यसनी. शांत स्वभाव. एकेक ओळ स्वतःला लावून बघत होतो. निर्व्यसनी तेवढा बसतो. पदवी दुसऱ्या वर्षाला सोडली – प्रॅक्टिकलची वही सरांनी टेबलावरून खाली फेकली, मी ती उचलून त्यांच्यापुढंच फाडली आणि संध्याकाळच्या एसटीनं अंबडला घरी परत आलो. तेव्हा वाटलं होतं, काय मर्दपणा केला. आता 'शांत स्वभाव' टाइप करताना तीच वही आठवत होती.

दादा मागं येऊन उभा राहिला. "फोटोत खाली तुझी सावली आल्ती रे. ती काप."

कापली. मग स्टेपलर मुठीत धरून भिंतीवर मारला. अंगठ्याला लागलं. दादानं फडकं दिलं.

२२ ऑगस्ट, पोळा

बाहेर सगळीकडं बैल, झुली, पुरणाचा वास. मी खोलीत. आई म्हणाली, "अंगठ्याला काय झालं?" म्हणालो, शटरमध्ये आला.

२६ ऑगस्ट

बायोडाटा समाजाच्या गटावर फिरतोय. माझ्याच मोबाईलवर आला, तीन जणांकडून. एकानं खाली लिहिलंय, "मुलगी हसतमुख वाटते." शहागडचं एक घर आहे. मुलगा ऋषी, पुण्यात कंपनीत इंजिनिअर. त्यांचा निरोप – फोटो घरात सगळ्यांना फार आवडला.

आवडणारच. ती कुणाकडं बघून हसली आहे ते त्यांना काय माहीत? प्रत्येकाला वाटतंय माझ्याकडंच बघून राह्यली. मीच तसा काढला.

३० ऑगस्ट, शनिवार

आज सांगायचंच ठरवून गेलो. दाढी करून. पहिलं वाक्य पाठ – काकू, तुमच्याशी जरा बोलायचं होतं.

दारात पाय ठेवला आणि काकू म्हणाल्या, "बरं झालं आलास! उद्या महालक्ष्म्या बसायच्यात, ती लाइटची माळ लाव ना वर. यांचा हात पुरत न्हाई." भागवत काका तहसीलला कारकून आहेत, चांगले उंच आहेत. पण ते पेपर वाचत बसले. मी स्टुलावर चढलो. खालून आकांक्षानं माळ धरली. एकदा वर बघितलं.

"काही बोलायचं होतं का तुला?"

"न्हाई. माळ सोड हळूहळू."

ती तशीच वर बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि माळ सोडत गेली. चाळीस फूट माळ. तेवढ्यात किती वाक्यं झाली असती.

घरी येऊन उशी फेकली. एवढाच माझा राग. मोबाईल हिसकावता येतो, वही फाडता येते. एक वाक्य बोलता येत नाही.

२ सप्टेंबर

गुरुवारी येणार म्हणे बघायला.

४ सप्टेंबर, गुरुवार

खुर्च्या आमच्याच घरून गेल्या. सहा. काकूंनी मलाच सांगितलं, "घेऊन ये रे बाळा, आणि मग इथंच थांब, काही लागलं तर." म्हणून मी दाराशी. पोह्यांच्या प्लेटा पुढं नेणाराही मीच.

ऋषी वाईट नाही. हेच सगळ्यात वाईट. मला म्हणाला, "बसा ना तुम्ही पण." चष्मा आहे. आवाज हळू. शांत स्वभाव.

आकांक्षा आली, बसली. नेहमीचे प्रश्न झाले. मग त्याची आई म्हणाली, "फोटोत किती गोड हसली बाई तू. तशी हस ना एकदा, बघू दे आम्हाला."

सगळे थांबले. तिनं ओठ हलवले. झालं नाही. परत हलवले. त्याची मावशी म्हणाली, "फोटोतली अन् ही एकच ना गं?" सगळे हसले. ती सोडून. मग तिनं मान वर केली आणि दाराकडं बघितलं. माझ्याकडं. मी रिकामी प्लेट धरून उभा.

चप्पल वाहून चालली, एवढं म्हणालो असतो तर हसली असती. खरंच हसली असती. मग त्यांचं काम झालं असतं. म्हणून बोललो नाही. का भ्यालो म्हणून बोललो नाही? मला ठरवता येत नाही.

काकू म्हणाल्या, "लाजती हो. घरात लई हसती."

५ सप्टेंबर, शुक्रवार

ती आज सेंटरवर आली. दुपारी, एकटीच. दादा जेवायला गेला होता. मार्कलिस्टची झेरॉक्स पाहिजे म्हणाली. पाहुण्यांना द्यायची. मी काढली. कागद उलटा लावला म्हणून परत काढली.

ती म्हणाली, "एक विचारू? त्रेचाळीस फोटोंमधून तो कुणी निवडला?"

"मी."

"आई तेच म्हणली. मला आधी वाटलं आई खोटं बोलून राह्यली."

"मला माहीत नव्हतं कशाला पाहिजे ते. आईची शपथ."

"कशालाही असू दे. तो फोटो तू कसा काय दिला कुणाला?"

 मशीन चालू होतं, त्याचाच आवाज.

"मी घरी भांडले होते," ती म्हणाली. "बायोडाटा फिरवायचाच न्हाई म्हणून. आई म्हणली, अगं प्रितमनं स्वतः निवडून पाठवला, टाइप पण त्यानंच केला. मंग म्हटलं, याचं तसं काही नसंल. मीच येड्यासारखी. मंग हो म्हणले बघायला या म्हणून."

"आकांक्षा –"

"त्या दिवशी स्टुलावर तुला विचारलं होतं मी. बोलायचंय का म्हणून."

"हो."

"न्हाई म्हणला तू." कागद घेतला. "किती झाले?"

"राहू दे."

"न्हाई, घे." चार रुपये काउंटरवर ठेवले आणि गेली. दादा आला तेव्हा मी तिथंच उभा होतो, मशीनचं झाकण उघडं. म्हणाला, "बिघडलं का?"

६ सप्टेंबर, शनिवार

आत्ता काकूंचा फोन. शहागडच्यांचा होकार आला. पितरपाटा लागायच्या आत आजच सुपारी फोडायची, दुपारी येतायत. आणि आकांक्षा सकाळपासून आतून कडी लावून बसली. आईचं ऐकत नाही, बापाचं ऐकत नाही. काकू रडत होत्या. "तुझं ऐकती ती. भाऊ म्हणून ये अन् समजाव तिला, माझ्या बाळा."

म्हणालो, "येतो. पण काकू, मी तिचा भाऊ न्हाई. आल्यावर तुमच्याशीच बोलायचंय आधी." त्यांचं रडणं थांबलं. मग म्हणाल्या, "काय बोलायचंय?" मी फोनवरच सांगितलं. एका वाक्यात झालं.

पलीकडून अजून काही आवाज नाही, पण फोन त्यांनी ठेवलेला नाही. चालू ठेवूनच हे लिहितोय. चाललो. दार ओढून घेतो.