कडब्याचा मांडव

किल्लारी
ता. १२ ऑगस्ट २०२३

ती. शांतवनदादास,
धाकटी बहीण मार्था हिचा कृ. सा. सलाम वि. वि.

तुझ्या कानातल्या मशीनचं एकदाचं काय ते कर. परवा मी फोनवर ओरडून सांगितलं की सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडलाय, आणि तू वहिनींना सांगितलंस की मार्था घरात पिवळी मोझॅक फरशी बसवून राहिली! वहिनींचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा हसावं की रडावं कळेना. म्हणून आजपासून फोन बंद, पत्र चालू. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला अक्षर तरी ऐकू येईल.

पत्राचं कारण तुझा भाचा. रविकिरण कृषी सहायक झाल्यापासून पिकांची पुस्तकं कमी आणि पवित्र शास्त्र जास्त वाचतो. मागच्या रविवारी जेवताना विचारू लागला की वल्हांडण, पन्नासावा दिवस, मांडवांचा सण हे सगळे सण देवाने नेमून दिले असं लिहिलंय, मग आपण ते का पाळत नाही? आणि नाताळचा चांदणीचा कंदील कोणत्या अध्यायात आहे? मी वरण वाढलं.

आता त्याने ठरवलंय की यंदा मांडवांचा सण करायचा. आपल्या शेतात फांद्यापानांची कोपी घालायची आणि सात दिवस तिच्यात राहायचं. मी घासाघीस करून सातावरून एका दिवसावर आणलंय. सण एकोणतीस सप्टेंबरला सूर्य मावळल्यावर लागतो, म्हणजे पहिला दिवस तीस तारीख. ती वाचून तुझ्या कपाळाला आठी पडणार. माझ्याही पडली होती. पण तू ये, दादा. लग्नाकार्यात लातूरला भेटतोस आणि तिथूनच माघारी फिरतोस. किल्लारीत पाऊल टाकून तुला तीस वर्षं होत आली.

वहिनींना सलाम. लोभ आहेच, मशीनचाही असावा.

तुझी
मार्था

---

नांदेड
ता. २१ ऑगस्ट २०२३

चि. मार्था हिस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. फरशीबद्दल मी दिलगीर आहे, पण पिवळी असती तर वाईट दिसली नसती.

रविकिरणला सांग की मामा ख्रिस्ती मंडळीचा निवडलेला वडील आहे आणि त्याच्याशी वाद घालायचा तर पोट भरून ये. पौलाने साफ लिहून ठेवलंय की सण आणि चंद्रदर्शनं ही पुढे येणाऱ्याची सावली आहेत. माणूस स्वतः दारात आल्यावर कुणी त्याच्या सावलीला पाणी देतं का? आज मांडव मागतोय, उद्या वल्हांडणाला बेखमीर भाकर मागेल, परवा बोकड. आपण यहुदी नाही. आपण किल्लारीचे सोनकांबळे.

दुसरं असं, की बापूंचं काय? त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात कोपी घालून जेवत होतं आणि बापूंनी आपल्याला घरात बसवलं. तू पाळण्यात होतीस, तुला काय आठवणार? मी दाराच्या फटीला नाक लावून शेजारच्या अंबिलाचा वास घेतला होता. त्या माणसाने जी कोपी समोरच्या दाराने बाहेर काढली, ती तुझा लेक मागच्या दाराने घरात आणतोय.

तेव्हा माझं येणं होणार नाही. तारखेबद्दल मी काहीच लिहीत नाही.

मशीन दुरुस्तीला दिलंय. जपून राहा, भांडण असू दे पण माया कमी करू नकोस.

तुझा
शांतवन

---

किल्लारी
ता. २९ ऑगस्ट २०२३

ती. दादास, कृ. सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र रविकिरणने दोनदा वाचलं आणि म्हणाला की मामा लई भारी लिहितात, फक्त चुकीचं लिहितात. बेखमीर भाकरीची भीती तर तू आम्हाला घालूच नकोस. ज्वारीच्या भाकरीत खमीर कुणी घातलंय आजवर? या हिशोबाने मी लग्न झाल्यापासून रोज तो सण पाळतेय आणि कुणी साधं शाबास म्हटलेलं नाही.

आणि हंगामाच्या सणाला तू काय करतोस? मंडळीच्या देवळात भोपळा नेतोस. गेल्या वर्षी तुझाच भोपळा लिलावात चढाओढ करून तूच घरी आणलास, कारण मशीन बंद होतं आणि समोर बोली कुणाची चाललीय हे तुला कळलंच नाही. वहिनींनी सगळं सांगितलंय. सावलीला पाणी देऊ नये म्हणतोस आणि भोपळ्याला हार घालतोस!

इकडे खरी अडचण शास्त्राची नाही, कडब्याची आहे. ऑगस्ट सगळा कोरडा गेला. लोकांना गुरांच्या तोंडात घालायला कडबा नाही, तर कोपीला कोण देणार? शेजारचे मन्मथअप्पा आणि शिवकन्यावहिनी, ज्यांचं शेत आपल्या बांधाला बांध आहे, त्यांना विचारलं. अप्पा गोंधळले. म्हणाले, येळवस तर जानेवारीत हाय, तुमची तीन महिनं आगुदर कशी काय आली? रविने त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग अंबिल करणार हायेत का न्हाई? शेवटी कोपीला नाही, पण अंगाखाली अंथरायला पाच पेंढ्या देतो म्हणाले.

रवि म्हणतो की हा सण कशासाठी नेमला, तर पुढच्या पिढ्यांना कळावं की आपली माणसं एकदा झोपड्यांत राहिली होती आणि तरी देवाने त्यांना राखलं. हे ऐकलं तेव्हा माझा वरणाचा पळा हातातच राहिला. दादा, भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलोच की! हा सण परक्यांचा कसा?

तारीख आम्ही निवडलेली नाही. ती चंद्रावर चालते. रविने मोबाइलवर मागे जाऊन पाहिलं, तर त्र्याण्णव सालीही सणाचा पहिला दिवस तीस सप्टेंबरलाच आला होता. मी मोबाइल हातात घेऊन स्वतः पाहिलं.

तेव्हा पौलाला मध्ये घालू नकोस. तू का येत नाहीस ते खरं कारण लिही.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, म्हणून मागते.

मार्था

---

नांदेड
ता. ८ सप्टेंबर २०२३

चि. मार्था हिस, अ. आ.

खरं कारण मागितलंस, तर घे. ते मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी भुईमूग उपटून शेतात पडला होता. रानडुकरांपासून राखण करायला मी कोपीत राहणार होतो. तुझे मालक लातूरला, म्हणून तूही सात महिन्यांच्या रविला घेऊन तिथेच थांबलीस. मायही थांबणार म्हणाली. मी तिला म्हणालो की दव पडतं, तुझा खोकला वाढेल, घरी खाटेवर नीज. ती ऐकेना, तर मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. ती कंदील घेऊन बांधाने गेली. पहाटे आपलं दगडमातीचं माळवद उरलं नाही.

आपल्याला त्या कोपीने राखलं, मार्था, आणि मायला तिच्यातून मी बाहेर काढलं. गेली तीस वर्षं लोकांना क्षमेवर सांगतो. पण तसल्या कोपीखाली बसून उपकारस्तुती करायची म्हटलं तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. मुलाचं मन मोडू नकोस. त्याला सण करू दे. मला मात्र बोलावू नकोस.

माझ्यावर राग धरू नको, एवढाच लोभ असावा.

शांतवन

---

किल्लारी
ता. १३ सप्टेंबर २०२३

ती. दादास, कृ. सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी पोटभर रडले आणि मग इतकी हसले की रवि पाणी घेऊन धावत आला. रागावू नकोस. पुढे वाच.

अरे दादा, माय कधी कुणाच्या सांगण्यावरून कुठे गेली होती का? बापूंनी हात टेकले होते तिच्यापुढे. तू ओरडलास हे खरं. पण मी तिला बांधापर्यंत पोचवायला गेले होते, आठवतं? तिथे ती माझ्या कानाशी लागून म्हणाली की ह्या कडब्यात कोण निजंल गं बाई, पाठीला लई टोचतंय, म्या आपली माझ्या खाटंवर जाते, पन शांत्याला वाटू दे त्याच्या म्हनन्यावर चालले, तेवढंच लेकराला बरं वाटंल. आणि तोंडाला पदर लावून हसली. कंदील हलत होता तो हसण्याने. तू थांबवलं असतंस तरी ती गेलीच असती. रातभर थांबायचा हट्ट तिने केला तो तू तिला घरी जायचं आर्जव करावंस म्हणून.

मी हे तुला कधी सांगितलं नाही, कारण त्या दिवसाचं नाव काढलं की तू उठून जायचास. मला वाटायचं तुला मायची आठवण सोसत नाही, म्हणून मी गप्प. आणि तू मनात हे घेऊन गप्प. आपण दोघंही खुळेच, दादा!

कोपीला अजून छप्पर नाही. ओढ्याकाठच्या शिंदीच्या चार झावळ्या मिळाल्यात. ये.

तुझी
मार्था

---

नांदेड
ता. १९ सप्टेंबर २०२३

चि. मार्था हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. एकदा मनात आलं की मला बरं वाटावं म्हणून तू हे रचलंस. तू लहानपणीही गूळ खाऊन माझं नाव सांगताना असंच बारीकसारीक सांगायचीस, अगदी कंदील हलत होता इथपर्यंत. खरं-खोटं देव जाणे. पण तू हसलीस ते मला इथे ऐकू आलं, आणि तेही मशीन दुरुस्तीला असताना.

कडबा नाही म्हणतेस, तर ऐक. अर्धापूरला माझा जुना विद्यार्थी बजरंग केळीवाला आहे. घड उतरवलेल्या झाडांचे खांब आणि पानं हवी तेवढी न्या म्हणाला. एकोणतीस तारखेला त्याच्याच जीपने निघतो. लक्षात ठेव, मी सण पाळायला येत नाही. बहिणीकडे येतोय. खांब फक्त वाटेत मिळाले.

अंबिल करणार आहात का नाही?

तुझा
शांतवन

---

नांदेड
ता. ९ ऑक्टोबर २०२३

चि. मार्था हिस, अ. उ. आ.

सुखरूप पोचून आठवडा झाला. पत्राला उशीर झाला त्याला तुझा लेक जबाबदार आहे. जीपच्या टपावर केळीच्या खांबांमध्ये बसून मी हात हलवतोय, तो फोटो त्याने सगळीकडे पाठवला, आणि मी पोचायच्या आधी तो आमच्या मंडळीत पोचला. काल भक्तीनंतर पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं आणि विचारलं की वडील, हे काय? ख्रिस्ती माणसाने हे सण पाळावेत का?

दोन महिन्यांपूर्वी मी पौल घेऊन उभा राहिलो असतो. काल म्हणालो की पाळलेच पाहिजेत असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तारण मांडवाने होत नाही. पण कुणी उपकार मानायला शेतात चार पानं बांधली तर त्याला अडवायलाही मी जाणार नाही. मीही बांधली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मन्मथअप्पांनी केळीचे खांब रोवायला स्वतः खड्डे घेतले, शिवकन्यावहिनींनी आग्रहाने अंबिलाचं मडकं आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणली, रविने प्रार्थना केली आणि मी साठ वर्षांपूर्वी नाकाने घेतलेला घास तोंडाने घेतला. अंबिल फार चांगलं असतं गं, मार्था. बापूंनी उगाच ताणलं. आमच्या म्हाताऱ्या तर पुढच्या वर्षी देवळाच्या अंगणात कोपी घालायची म्हणून आत्ताच भांडून राहिल्या की झावळ्या कुणी आणायच्या.

एक गोष्ट मात्र मंडळीत सांगितली नाही. ती तुलाच.

तीस तारखेला पहाटे तुम्ही सगळे निजला होतात, मी जागा होतो. मनाला काही टोचत नव्हतं, खरंच सांगतो. पण अप्पांच्या त्या पाच पेंढ्या! या कुशीवर टोचतात, त्या कुशीवर टोचतात, घोंगडीतून टोचतात. छत्तीस वर्षांचा होतो तेव्हा दिवसभर शेंगा उपटून दगडासारखा झोपलो होतो, मला काहीच कळलं नव्हतं. आता मी सहासष्टचा आहे, माय तेव्हा होती तेवढाच. कंबर धरून उठून बसलो आणि एकटाच मोठ्याने हसलो.

तू काही रचलं नव्हतंस. कडबा लई टोचतो, मार्था. पुढच्या वर्षी माझ्यासाठी खाट आण.

लोभ आहे तो आहेच. तीस वर्षांची थकबाकी आता येऊन येऊन फेडीन.

तुझा
शांतवनदादा