ढवळूबाबांचा तोल

प्रिय संदीप,

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तू 'बघतो, बघतो' म्हणतोस आणि मागे भिवंडीच्या गोदामात कुणीतरी तुला हाका मारत असतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. फागू उद्या तिकडेच कामाला निघालाय, त्याच्या हाती देते.

तुझे बाबा दिवाळीनंतर लकव्याने पडले तेव्हापासून जव्हारच्या दवाखान्यात माझ्याकडे व्यायामाला येतात. माझ्या खोलीत येणाऱ्यांत एवढं हट्टी दुसरं कुणी नाही. पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठा म्हटलं, तर ते खुर्ची सोडून शेजारी उकिडवे बसले. जन्मात जी वापरली नाही तिच्यावरून उठून कशाला दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. मग उकिडव्यावरून उठा म्हटलं, तर डाव्या पायाने साथ दिली नाही आणि ते कुशीवर कलंडले. मी सावरलं. ते हसले, मला हसू आलं नाही. तुम्ही मुलं झाडावर अडकलात की याच माणसाने वर येऊन तुम्हाला उतरवलंय, आणि तू तर दरवेळी अडकायचास.

तोल तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत रे. पाय जुळवून उभं राहायचं, डोळे मिटायचे, मागे वळून बघायचं, जमिनीवरची चप्पल उचलायची. डोळे मिटले की बाबा डावीकडे झुकतात आणि आपण झुकतोय हे त्यांना कळतच नाही. डाव्या मुठीत चप्पल येते, पण लक्ष दुसरीकडे गेलं की ती गळून पडते. ते मात्र फरशीला बोल लावतात. गुळगुळीत फरशीत पायाची बोटं रुतत नाहीत, म्हणतात. म्हणून मी सूर्यमाळला तुमच्या घरी गेले आणि अंगणातल्या मातीवर त्यांना उभं केलं. दोष फरशीचाच निघावा असं मला मनापासून वाटत होतं. तिथेही ते तसेच झुकले.

आता राबाचे दिवस आलेत. ऐनाच्या फांद्या तोडून, वाफ्यावर पसरून तो भाजला नाही तर नाचणीचं रोप धरणार नाही, आणि झाडावर चढणं काही काकीला, तुझ्या आईला, जमायचं नाही. बाबांनी कोयत्याला धार लावून ठेवली आहे. मी रागावले, तर मलाच म्हणाले, "जमिनीवर धराया काय आहा, पोरी? झाडाला तरी फांदी आहा." त्या फांदीला धरणारी मूठच आता भरवशाची नाही, हे मी तऱ्हेतऱ्हेने सांगितलं. काकी मान खाली घालून नाचणी पाखडत राहिली. कोयता लपवला तर ते शेजारच्या जिवाकडून मागून आणतील. माणूस पडेल एवढं मला सांगता येतं, त्याला धरून ठेवता येत नाही. एवढं शिकून मी इतकी हतबल असेन असं वाटलं नव्हतं.

काल काकीने तुला पाठवलेला फोटो मला दाखवला. अंगणात बाबा ताठ उभे आहेत, दोन्ही हात मोकळे. तो बघून तू कळवलंस की बाबा बरे झाले, राब तेच उरकतील, तू पेरणीला येशील. संदीप, तो फोटो जरा मोठा करून बघ. बाबांच्या पायांमागे हिरव्या लुगड्याचा काठ दिसेल. काकी त्यांच्या मागे बसून त्यांची कंबर धरून होती. तुझं काम सुटू नये म्हणून दोघांनी मिळून हे केलं, आणि तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. ती मोडायलाच हे पत्र लिहिलंय. ते झाडावर चढायच्या आधी ये.

तू रागावलास तरी चालेल, अशी तुझीच,
प्रमिला